हशाच्या प्रती

न्यू जर्सीतल्या वेस्ट ऑरेंज गावात थॉमस एडिसनची जुनी प्रयोगशाळा आहे. आता तिथे संग्रहालय आहे. २७ एप्रिल १९९६ या दिवशी ‘दे माइट बी जायंट्स’ या बँडचे जॉन फ्लान्सबर्ग आणि जॉन लिनेल तिथे ध्वनिमुद्रणासाठी उभे राहिले. मायक्रोफोन नव्हता, वीजही वापरायची नव्हती. समोर मोठा कर्णा, त्याच्या निमुळत्या टोकाला पातळ पडदा, पडद्याला जोडलेली सुई आणि सुईखाली फिरणारं मेणाचं सिलिंडर. आवाजाने पडदा थरथरतो, पडद्याबरोबर सुई थरथरते आणि मेणात चर कोरत जाते. एडिसनच्या काळातली हीच रीत. त्या दिवशी गायलेलं ‘आय कॅन हिअर यू’ हे गाणं त्याच वर्षी आलेल्या ‘फॅक्टरी शोरूम’ या सीडीवर खरखरीसकट घेतलं गेलं. गाण्याचा विषयही त्या खरखरीला शोभणारा होता: विमानातला फोन, इमारतीच्या दारावरचा इंटरकॉम, अशा आवाज जेमतेम पोचवणाऱ्या यंत्रांतून बोलणारी माणसं.

१९९६ म्हणजे सीडीच्या भरभराटीचा काळ. एडिसनच्या कंपनीने सिलिंडर बनवणं १९२९ मध्येच थांबवलं होतं. मग हा खटाटोप कशासाठी? विनोदी गाणी लिहून स्वतःच गाणारे कलाकार कधी कॅसेटवर, कधी तबकडीवर, कधी त्याहूनही जुन्या साधनावर आपलं काम काढतात, तेव्हा बहुतेक लोक ते लक्ष वेधून घेण्याची युक्ती म्हणून सोडून देतात. मला ते पटत नाही. या गाण्यांची वंशावळ पाहत मागे गेलं की दिसतं, की विनोदी गाणारा आणि त्याच्या आवाजाची प्रत यांचं नातं पहिल्यापासून वेगळं आहे. त्याचे श्रोते मूठभर असतात, पण चिवट असतात. त्याला लाख प्रतींची गरज क्वचितच पडते. गरज असते ती दोन-चारशे प्रतींची, आणि त्या स्वतःच्या हिमतीवर काढता येतील अशा साधनाची. एखादं साधन ऐन भरात असतं तेव्हा ते कंपन्यांच्या ताब्यात असतं. ते उतरणीला लागलं, स्वस्त झालं, की मग ते या माणसाच्या हाती येतं.

या वंशावळीच्या मुळाशी जो माणूस आहे, त्याच्या वाट्याला मात्र नेमकं उलटं आलं. त्याचं नाव जॉर्ज वॉशिंग्टन जॉन्सन. जन्म १८४६ च्या सुमारास, व्हर्जिनियात, गुलामगिरीच्या काळात. लहानपणी तो एका गोऱ्या जमीनदाराच्या मुलाचा सोबती म्हणून त्या घरात वाढला. तिथेच तो लिहाय-वाचायला शिकला आणि संगीताचा कानही तिथेच तयार झाला. पुढे तो न्यूयॉर्कला आला आणि फेरीबोटींच्या धक्क्यांवर शीळ घालून पैसे मिळवू लागला. शीळ अशी सुरेल की जाणारे-येणारे थांबत. १८९० मध्ये फोनोग्राफ कंपन्यांच्या माणसांनी त्याला हेरलं. त्यांना त्या काळात मोठा, खणखणीत, कर्ण्यातून मेणापर्यंत पोचणारा आवाज हवा होता. बारीक, नाजूक गाणं मेणावर उमटतच नसे. जॉन्सनची शीळ उमटली आणि त्याचं हसणंही उमटलं.

‘द लाफिंग साँग’ हे त्याचं गाणं. कडव्यामागून कडवं येतं आणि प्रत्येक कडव्यानंतर तो हसतो, पण सुरात हसतो, तालात हसतो, चाल धरून हसतो. हसण्याचंच ध्रुपद. एका गाण्याला त्याला वीस सेंट मिळत.

हे ‘एका गाण्याला’ म्हणजे काय, ते समजून घ्यायला हवं, कारण पुढची सगळी हकिकत त्यावर उभी आहे. सुरुवातीच्या त्या वर्षांत एका सिलिंडरवरून दुसरं सिलिंडर चांगल्या रीतीने काढायची सोय नव्हती. मग प्रती कशा निघायच्या? गायकासमोर तीन-चार फोनोग्राफ मांडायचे, प्रत्येकाचा कर्णा त्याच्या तोंडाकडे वळवायचा, सगळी यंत्रं सुरू करायची, आधी गाण्याचं आणि गायकाचं नाव मोठ्याने पुकारायचं आणि मग गायचं. दोन मिनिटांत सिलिंडर भरलं की ते काढायचं, सुईने खरवडलेले मेणाचे कण झटकायचे, कोरी सिलिंडरं चढवायची आणि गायकाने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. तेच कडवं, तोच हशा. दिवसाला पन्नास-पन्नास वेळा. शंभर प्रती हव्या असतील तर पंचवीस-तीसदा गाणं आलं, आणि दर वेळी ताजं हसणं आलं, कारण शिळं हसू कानाला लगेच कळतं. १८९५ पर्यंत जॉन्सनची दोन गाणी अमेरिकेत सर्वांत जास्त खपणाऱ्या ध्वनिमुद्रणांत जमा झाली होती. अभ्यासकांच्या अंदाजानुसार त्याची सिलिंडरं पंचवीस ते पन्नास हजारांच्या घरात खपली. त्या आकड्यामागे एका माणसाची छाती आणि फुप्फुसं होती.

ज्या गाण्यांनी त्याला नाव मिळवून दिलं त्यांचे शब्द त्याच्याच वर्णाची टिंगल करणारे होते. गोऱ्या ग्राहकांना तेच हवं होतं आणि कंपन्यांना तेच विकायचं होतं. आज ‘द लाफिंग साँग’ ऐकताना तो हशा कानाला गोड लागतो आणि शब्द कळले की घशाशी येतो. हा वारसा सांगताना ते वगळून चालणार नाही.

नवीन तंत्र आलं आणि जॉन्सनचं पोट तुटलं. एका मूळ प्रतीवरून हजारो प्रती काढायची सोय झाली. १९०२ मध्ये एडिसनने साच्यातून सिलिंडरं ओतायला सुरुवात केली. मूळ प्रतीसाठी एकदाच गायचं, एकदाच पैसे घ्यायचे आणि घरी जायचं. जो माणूस रोज पन्नासदा गाऊन पोट भरत होता, त्याची गरजच संपली. १९०५ पर्यंत तो मागे पडला. त्याच्याबरोबरचा गोरा गायक लेन स्पेन्सर याने आपल्या कचेरीच्या दारावर त्याला कामाला ठेवलं. १९१४ मध्ये तो न्यूयॉर्कमध्ये वारला आणि क्वीन्समधल्या मेपल ग्रोव्ह कबरस्तानात कुठलीही खूण नसलेल्या जागी पुरला गेला. त्याच्या नावाचा दगड तिथे बसायला पुढची शंभर वर्षं जावी लागली. दरम्यान अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने ‘द लाफिंग साँग’ला राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत स्थान दिलं.

जॉन्सनचा आवाज मागे पडला, पण त्याचं हसणारं गाणं जग फिरून आलं. बर्ट शेपर्ड नावाच्या विनोदी गायकाने लंडनमध्ये ग्रामोफोन कंपनीसाठी ते तबकडीवर गायलं आणि ती तबकडी हिंदुस्थानातही पोचली. फ्रेड गेसबर्ग हा त्या कंपनीचा ध्वनिमुद्रक. १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहरजानचं गाणं तबकडीवर घेणारा तो हाच. आपल्या आठवणींत त्याने लिहिलं आहे, की हिंदुस्थानच्या बाजारांत ग्रामोफोनभोवती बसून शेपर्डच्या हसण्याच्या तबकडीला पोट धरून हसणारी माणसं त्याने पाहिली. हे वाचल्यावर मी बराच वेळ थांबलो. त्या बाजारात बसलेल्यांपैकी किती जणांना इंग्रजी कडवी कळत असतील? कडव्यांमधल्या अपमानाचा तर त्यांना पत्ताच नसणार. त्यांच्यापर्यंत आलं ते फक्त सुरातलं हसणं, व्हर्जिनियातल्या एका माणसाने फेरीच्या धक्क्यांवर कमावलेलं, आणि तेही दुसऱ्याच्या गळ्यातून.

यानंतरची चाळीस-पन्नास वर्षं मी भरभर ओलांडतो. तबकडीचं राज्य आलं, एका बाजूला साधारण तीन मिनिटं, आणि विनोदी गाण्याने त्या तीन मिनिटांशी जुळवून घेतलं: झटकन विषय, दोन-तीन कडवी, शेवटी फटका. स्पाइक जोन्ससारख्या वाद्यवृंदवाल्यांनी पिस्तुलाचे आवाज, भोंगे आणि गुळण्या संगीतात आणल्या आणि त्या तबकड्या जोरात खपल्या. पण हे सगळं मोठ्या कंपन्यांच्या दारातून जाणारं होतं. त्या दारात विषय तपासला जाई. कोणाला टोचेल, रेडिओ वाजवेल की नाही, याचा विचार आधी होई.

ते दार टाळून जाणारा खरा माणूस १९५३ मध्ये सापडतो. टॉम लेहरर तेव्हा चोवीस वर्षांचा होता. पंधराव्या वर्षी हार्वर्डमध्ये दाखल झालेला, अठराव्या वर्षी गणितातली पदवी घेतलेला. मित्रांच्या मैफलींत पियानोवर बसून तो स्वतःची गाणी म्हणायचा. चाल अगदी सभ्य, जुन्या नाटकांतल्यासारखी, आणि शब्द असे की ऐकणाऱ्याने दचकून शेजाऱ्याकडे पाहावं. दुसऱ्यांचे शोध उचलणारा गणिती, अमली पदार्थ विकणारा प्रेमळ म्हातारा, बालवीरांना भलताच सल्ला. मित्र म्हणू लागले, हे कुठे तरी नोंदवून ठेव. जानेवारी १९५३ मध्ये तो बॉस्टनच्या ट्रान्स रेडिओ या स्टुडिओत गेला आणि पंधरा डॉलर भरून एका बैठकीत बारा गाणी गायला. एक पियानो, एक आवाज. मग त्याने चारशे तबकड्या काढून घेतल्या.

या तबकड्या दहा इंची एलपी होत्या. कोलंबिया कंपनीने १९४८ मध्ये लाँग प्ले तबकडी बाजारात आणली तेव्हा बारा इंची तबकडी शास्त्रीय संगीतासाठी आणि दहा इंची हलक्याफुलक्या गाण्यांसाठी अशी वाटणी होती. पण पन्नाशीच्या दशकाच्या उत्तरार्धात सगळ्यांनी बारा इंचीच धरली आणि दहा इंची बाद होत गेली. लेहररने ती जुनी म्हणून निवडली असं मी म्हणणार नाही, १९५३ मध्ये ती रुळलेलीच होती. त्याची बारा गाणी तिच्यात मावत होती आणि खर्च त्याच्या खिशाला झेपत होता. हार्वर्डच्या आवारात तबकडी तीन डॉलरला विकली जाई. जवळच्या दुकानांनी साडेतीनला ठेवली, अगदी नाममात्र नफ्यावर. रेडिओवाल्यांनी हात लावला नाही. पण सुट्टीत घरी गेलेल्या विद्यार्थ्यांबरोबर तबकड्या गावोगावी पोचल्या, ‘सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकल’ने त्यावर लिहिलं आणि देशभरातून टपालाने मागणी येऊ लागली. आपल्या तबकड्या लेहररने पुढेही काही वर्षं स्वतःच काढल्या आणि स्वतःच विकल्या.

चारशे हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. कुठल्याही कंपनीने चारशे प्रतींसाठी तेव्हा यंत्रं सुरूही केली नसती. आणि कंपनीने हातात घेतलं असतं तर बारापैकी निम्मी गाणी तरी वाचली असती का, याची मला शंका आहे.

मोठ्या कंपनीतून मोठं यश मिळालंच नाही असं नाही. १९६२ मध्ये ॲलन शर्मनचा ‘माय सन, द फोक सिंगर’ वॉर्नर ब्रदर्सने काढला आणि त्याच्या दहा लाखांवर प्रती खपल्या. शर्मन गुणी होता, शब्दांवर त्याची विलक्षण पकड होती. पण एवढं यश मिळाल्यावर कंपनीला पुढच्या वर्षी पुन्हा तेवढंच हवं असतं, आणि विनोदाची लाट तितकी टिकत नाही. काही वर्षांतच कंपनीने त्याच्याशी असलेला करार संपवला. लेहररचं तसं झालं नाही. तो गाणं सोडून गणित शिकवायला गेला तो स्वतःच्या मर्जीने.

आता एका संग्राहकाकडे वळायला हवं, कारण त्याच्याशिवाय पुढची साखळी जुळत नाही. बॅरेट हॅन्सन, म्हणजेच रेडिओवरचे ‘डॉक्टर डिमेंटो’. त्यांच्या घरात ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांचे ढीग होते. १९७० पासून कॅलिफोर्नियात ते रेडिओवर विनोदी गाणी लावू लागले. स्पाइक जोन्स, लेहरर आणि लोक विसरलेले कितीतरी गायक. बाजाराने ज्या तबकड्या भंगारात काढल्या होत्या, त्या या माणसाने आठवड्यागणिक पोरांच्या कानांवर घातल्या. लॉस एंजेलिसजवळच्या लिनवुड गावातला अल्फ्रेड यँकोविक नावाचा, ॲकॉर्डियन वाजवणारा शाळकरी मुलगा त्या पोरांपैकी एक. त्याने घरी साध्या कॅसेटवर आपलं गाणं घेतलं आणि डॉक्टर डिमेंटोंना दिलं. १९७६ मध्ये ते रेडिओवर वाजलं. हाच पुढचा ‘वियर्ड अल’. १९७९ मध्ये कॉलेजात असताना त्याने ‘माय बोलोना’ हे गाणं कॉलेजच्या रेडिओ केंद्रासमोरच्या स्वच्छतागृहात घेतलं, कारण फरशांमुळे आवाज छान घुमायचा. १९८१ मध्ये त्याने स्वतःच चार गाण्यांची तबकडी काढली, हजार प्रती.

या टप्प्यावर साधन बदललेलं दिसतं. तबकडी छापायला कारखाना लागतो. कॅसेटला काहीच लागत नाही. फिलिप्सचे लू ओटेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये ती बर्लिनच्या प्रदर्शनात मांडली. आकार ठरवताना ओटेन्स यांनी कोटाच्या खिशात मावेल असा लाकडी ठोकळा नमुना म्हणून वापरला होता. ती बनवली होती बोललेलं टिपून ठेवायला, संगीतासाठी नव्हे. पण तिच्यात एक गोष्ट अशी होती जी तबकडीत कधीच नव्हती: ऐकणारा माणूस त्याच यंत्रावर भरूही शकत होता.

डॅनिएल जॉन्स्टन या वेस्ट व्हर्जिनियातल्या मुलाने हे टोकाला नेलं. त्याला निव्वळ विनोदी गायक म्हणता येणार नाही. त्याची गाणी हसवता हसवता काळजाला हात घालतात आणि आयुष्यभर त्याला मनाच्या आजाराने छळलं. १९८० च्या दशकात तो टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात मॅकडोनाल्ड्समध्ये काम करायचा आणि ओळखी-अनोळखीच्या हातांत आपल्या कॅसेट ठेवायचा. मुखपृष्ठावर त्यानेच काढलेलं चित्र. ‘हाय, हाउ आर यू’ हा १९८३ चा अल्बम असाच पसरला. सुरुवातीला त्याच्याकडे कॅसेटवरून कॅसेट भरायची सोय नव्हती, म्हणून कोणी मागितली की तो अख्खा अल्बम पुन्हा गायचा, पुन्हा वाजवायचा आणि ती नवी कॅसेट द्यायचा. जॉर्ज जॉन्सन नव्वद वर्षांपूर्वी करत होता तेच. फरक एवढाच, पण तो फार मोठा आहे: जॉन्सन कंपनीच्या गल्ल्यासाठी गात होता आणि हा समोरच्या माणसासाठी. प्रत्येक प्रत थोडी वेगळी, आणि ज्याला मिळाली त्याच्यासाठीच गायलेली.

आपल्याकडे कॅसेटने जे केलं ते मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. सत्तरीच्या दशकापर्यंत तबकडी म्हणजे एचएमव्ही, आणि तिथे ज्यांना प्रवेश होता त्यांचाच आवाज टिकला. कॅसेट आली आणि लोकगीतं, भीमगीतं, कोळीगीतं, कव्वाल्या यांच्यासाठी लहान लहान कंपन्या उभ्या राहिल्या. पीटर मॅन्युएल या अमेरिकी अभ्यासकाने उत्तर भारतातल्या या उलथापालथीवर १९९३ मध्ये पुस्तक लिहिलं. महाराष्ट्रात त्याच लाटेवर शिंदे घराण्याचा आवाज घरोघरी गेला आणि आनंद शिंद्यांच्या ‘पोपटा’ने एसटी स्टँड, रसवंती, लग्नाचे मांडव, काही सोडलं नाही. खट्याळ, दुहेरी अर्थाचं गाणं, ठसकेबाज ठेका. तबकडीच्या जमान्यात ते कुठल्या दारातून आत गेलं असतं?

आणि पुलं. त्यांच्या कथाकथनाच्या, प्रयोगांच्या कॅसेट ज्या घरांत होत्या तिथे त्या झिजेपर्यंत वाजल्या. वाक्य यायच्या आधीच घरातले हसायला लागायचे. विनोद एकदा ऐकला की संपतो असं सांगणाऱ्यांनी त्या घरांत एक संध्याकाळ काढायला हवी होती. विनोद पुन्हा पुन्हा ऐकला जातो, पण कोण, कधी, कोणाबरोबर हे ऐकणारा ठरवतो. पाहुणे आले की ती कॅसेट निघते, आजोबांना एकच जागा आवडते म्हणून तिथे मागे घेतली जाते. वस्तू आपल्या कपाटात असल्याशिवाय हे होत नाही.

साधनाचा स्वभाव विनोदाला मारकही ठरतो. एट-ट्रॅक कार्ट्रिज हे त्याचं उदाहरण. बिल लिअर यांनी ती साठीच्या दशकात मोटारींसाठी पुढे आणली आणि १९६५ पासून फोर्डच्या नव्या गाड्यांत बसवता येऊ लागली. आत टोकाला टोक जोडलेली एकच टेप गोल फिरत राहते. तिच्यावर अल्बमचे चार समान तुकडे शेजारी शेजारी भरलेले असतात. एक तुकडा संपला की ‘खट्’ आवाज होतो आणि वाचणारं डोकं सरकून पुढच्या तुकड्यावर जातं. गाण्यांच्या लांबीचा या तुकड्यांशी मेळ बसला नाही तर गाणं मध्येच विरतं, खट् होतं, आणि उरलेलं पुढे सुरू होतं. प्रेमगीत हे सोसून नेईल. पण विनोदी गाण्यातला तो क्षण, जिथे गायक श्वास रोखून शेवटचा शब्द टाकणार, तिथेच खट् झालं तर? शिवाय टेप मागे नेता येत नाही, म्हणजे हुकलेलं पुन्हा ऐकायला सगळी फेरी संपायची वाट पाहायची. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ती दुकानांतून गेली. २००९ मध्ये चीप ट्रिक या रॉक बँडने आपला ‘द लेटेस्ट’ हा अल्बम एट-ट्रॅकवरही काढला. हौस म्हणून ते गोड आहे, पण विनोदी गाणाऱ्याने या साधनापासून लांबच राहावं असं मला वाटतं.

फ्लान्सबर्ग आणि लिनेल यांनी मेणाच्या कितीतरी आधी शोधलेलं साधन मला सगळ्यांत हुशारीचं वाटतं. ऐंशीच्या दशकात ब्रुकलिनमध्ये त्यांनी फोनच्या उत्तरयंत्रावर गाणं भरून ठेवलं आणि नंबर वर्तमानपत्रात छापला. नाव ठेवलं ‘डायल-अ-साँग’. फोन लावायचा, गाणं ऐकायचं, ठेवायचा. एका वेळी एकच श्रोता. दुसऱ्या कोणी लावला तर लाइन व्यस्त. गाणी सतत बदलायची, त्यामुळे रोज एक छोटं, विचित्र, मजेदार गाणं लिहायची सवय त्यांना लागली. ते पुढे मोठ्या कंपनीत गेले, तरी यंत्र चालूच राहिलं.

वेस्ट ऑरेंजच्या त्या सिलिंडरकडे या सगळ्याच्या उजेडात पाहिलं की ते नुसती करमणूक वाटत नाही. ज्यांनी उत्तरयंत्राच्या टिचभर स्पीकरसाठी गाणी लिहिली त्यांना माहीत होतं, की खराब आवाज गाण्याला उघडं पाडतो. सजावट गळून पडते. शब्द ऐकू येतात की नाही आणि चाल लक्षात राहते की नाही, एवढंच उरतं.

आज प्रतींचा प्रश्न वेगळ्या टोकाला गेला आहे. गाणं जगभर पोचवायला काही खर्च नाही, आणि नेमकं त्यामुळेच लहान गायकाच्या हाती काही लागत नाही. स्पॉटिफायवर तीस सेकंद ऐकलं गेलं तरच एक ऐकणं धरतात. आणि २०२४ पासून, मागच्या बारा महिन्यांत एखादं गाणं किमान हजार वेळा ऐकलं गेलं नसेल तर त्या गाण्याच्या मानधनाची मोजणीच होत नाही. लेहररच्या चारशे तबकड्यांशेजारी हा नियम ठेवून पाहा. चारशे लोकांनी त्याचं गाणं घेतलं आणि दोन-दोनदा ऐकलं, तरी आजच्या हिशेबात त्या गाण्याची बेरीज शून्य. तेव्हा त्याच चारशे लोकांनी त्याचा खर्च भागवला, पुढच्या प्रतींचे पैसे दिले आणि त्याला देशभर नेलं. म्हणून आज कोणी विनोदी गायक एकट्याचा अल्बम शंभर कॅसेटवर काढून कार्यक्रमानंतर टेबलावर मांडतो, तेव्हा तो भूतकाळात रमलेला नसतो. त्याने आपले श्रोते मोजलेले असतात.

त्याला कॅसेट अजून मिळते, याचं श्रेय काही हट्टी लोकांना आहे. अमेरिकेत मिझुरीतल्या स्प्रिंगफील्डची नॅशनल ऑडिओ कंपनी ही त्यांतली मोठी. बाकीचे सीडीकडे वळले तेव्हा हे कॅसेटवर टिकून राहिले आणि दुसऱ्यांनी टाकलेली यंत्रं विकत घेत गेले. पुढे संगीताच्या दर्जाची कोरी टेप बनवणारेच उरले नाहीत. तेव्हा या कंपनीने लोहभस्माचा लेप देणारी जुनी यंत्रसामग्री जुळवून स्वतः टेप बनवायला घेतली आणि २०१८ मध्ये ती बाजारात आणली. कॅसेट ऐन भरात होती तेव्हा सोनी, फिलिप्स, टीडीके असे बलाढ्य लोक तिच्यामागे होते. आता ती अशा मोजक्या कारखान्यांच्या आणि छोट्या गायकांच्या जिवावर चालली आहे.

लेहरर २६ जुलै २०२५ रोजी सत्त्याण्णवाव्या वर्षी वारला. त्याआधी २०२० मध्ये त्याने आपल्या गाण्यांचे शब्द सर्वांसाठी खुले केले आणि २०२२ मध्ये उरलेले सगळे हक्कही सोडून दिले, अगदी ध्वनिमुद्रणांसकट. परवानगी लागत नाही, पैसे द्यावे लागत नाहीत. १९५३ ची ती बारा गाणी आता कोणीही कॅसेटवर भरू शकतो, तबकडीवर छापू शकतो, कर्ण्यासमोर उभं राहून मेणावर गाऊ शकतो, आणि हव्या तेवढ्या प्रती काढून ठेवील त्या किमतीला विकू शकतो.